रस्त्याचे दहा गुण

सुटी पानं

ज्वारी तीन दिवस भिजते. चौथ्या दिवशी ती दळून, शिजवून, तीळ-जिरं-लसूण घालून ओल्या कापडावर हातानं पातळ थापतात. वाळली की कापड उलटं करायचं आणि मागून पाण्याचा हबका मारायचा. बिबडी अलगद सुटते. कापडाची वीण तिच्या पाठीवर उमटलेली राहते.

*

पिंपळनेरच्या अलीकडे एक दूध शीतकरण केंद्र आहे. उद्घाटनाची फरशी अजून शाबूत आहे. आत बावीस शेळ्या राहतात. थंडावा त्यांना मानवला आहे.

*

निंबोळे गाव ते निंबोळे फाटा, चार किलोमीटर. एसटी सकाळी साडेसहाला जाते, संध्याकाळी सातला परत येते. मधे काही नाही.

*

फाईल गुंडाळायला हेमांगीकडचं मांजरपाट वीतभर कमी पडलं. तिनं वच्छला अक्कांच्या घरून कोऱ्या कापडाचा एक तुकडा आणला आणि मशीनवर मधोमध जोड घातला. शिवण दुहेरी, ठसठशीत.

*

मोहनलाल शेटजींच्या उंबऱ्याच्या आत लसूण कधीच गेलेला नाही.

*

“फाईल झाली आहे. आता काही बदलत नाही.” चौतीस वर्षांच्या नोकरीत पितांबर नानांनी हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल, याची नोंद कुठेच नाही.

*

प्रस्ताव स्वीकारण्याची अंतिम तारीख २५ मार्च, सायंकाळी पाच.

एक

तेवीस मार्चच्या सकाळी धुळ्यात, देवपुरातल्या घरी, पितांबर नाना अर्धी दाढी झालेल्या तोंडानं फोनवर बोलत होते.

“नाना, फाईल नाहीये.”

“कुठली फाईल, हेमांगी?”

“आपल्याला दुसरी कुठली आहे?”

नानांनी उरलेली अर्धी दाढी कशी केली ते त्यांनाही आठवत नाही. हनुवटीवर कापलं होतं एवढं खरं. अमळनेरमार्गे चोपडा आणि तिथून रिक्षानं निंबोळ्याची पंचायत गाठेपर्यंत दुपार झाली. सातपुड्याकडून येणारा वारा तापला होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीची पानं चिरफाळून लोंबत होती.

नाना निवृत्त विस्तार अधिकारी. सरकारचा पैसा गावापर्यंत आणायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून अकरा इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोन चालू आहेत. शेळ्यांची धरली तर तीन, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे नाहीत. निवृत्तीनंतर कुणी बोलावलं नसताना त्यांनी निंबोळ्याचं काम अंगावर घेतलं होतं. गावातल्या चाळीस बायकांचा बिबड्या-पापडांचा गट, आणि त्यांच्यासाठी सरकारी खर्चानं सामूहिक केंद्र: दळणयंत्र, वाळवणघर, पॅकिंग. बारावी इमारत. ही चालणार होती. नानांना ती चाललेली बघून मरायचं होतं. इतकं स्पष्ट त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण हेमांगीला ते कळत होतं.

हेमांगी गटाची सचिव. गावाची सून, बी.कॉम., डोळ्यांखाली काळं.

“पोलिसांत जाऊ?” तिनं विचारलं.

“गेलीस तर पंचनामा होईल. पंचनाम्यात पंचवीस तारीख निघून जाईल.”

“नकला काढून देता येणार नाहीत?”

“शेटजींनी दिलेल्या जागेचं मूळ बक्षीसपत्र लागतं. चाळीस जणींची मूळ संमतीपत्रं लागतात. नोंदणी कार्यालयाची नक्कल यायला आठ दिवस.” नाना खुर्चीत बसले. “आपल्याकडे दोन आहेत. काल काय झालं ते सांग. सगळं.”

हेमांगीनं सांगायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच वाक्याला नानांनी हात वर केला.

“थांब. कपाटाला कुलूप कोणी लावलं?”

हेमांगीनं प्रेमराजकडे बघितलं. प्रेमराजनं हेमांगीकडे बघितलं.

दोन

प्रेमराज ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर. कपाटाची चावी त्याच्या करगोट्याला असते. गाव त्यावरून त्याची टर उडवतं.

“ताईंनी लावलं असंल असं मला वाटलं.”

“आणि मला वाटलं, हा लावेल.”

“म्हणजे कुलूप लागलंच नाही,” नाना म्हणाले. “किती वेळ?”

दोन ते पाच. आदल्या दिवशी, बावीस तारखेला, गटाच्या बायका शेवटच्या सह्या-अंगठ्यांसाठी पंचायतीत जमल्या होत्या. दोनला काम संपलं. हेमांगीनं फाईल कापडात बांधून कपाटात ठेवली आणि ती लेकराला पाजायला घरी गेली. प्रेमराज बाहेर कडुनिंबाखाली मोबाईल बघत बसला. पाचला त्यानं ऑफिसच्या दाराला कुलूप घातलं. सकाळी कपाट उघडलं, तर आत जन्ममृत्यूचं रजिस्टर आणि एक मेलेली पाल.

“दोन ते पाच आत कोण कोण गेलं?”

प्रेमराजनं बोटांवर मोजलं. “लोटन आबा पाणी प्यायला. जिनेशशेट उताऱ्याला. नंतर मोहनलाल शेटजी, पोराला शोधत. बाकी बायाच होत्या, उठून जाणाऱ्या. वच्छला अक्का सगळ्यात मागं, सतरंजी घडी करून डोक्यावर घेऊन गेल्या. दर सभेला नेतात झटकायला.”

“आणि तू?”

“मी? नाना, माझी कंत्राटी नोकरी. फाईल गेल्यावर पहिला बळी माझा. मी कशाला माझ्याच पोटावर पाय देऊ?” प्रेमराजचे डोळे भरून आले. “त्यात फोनची बॅटरी पण संपलेली.”

हे शेवटचं त्यानं का सांगितलं ते कुणाला समजलं नाही. पण माणूस खोटं बोलताना इतकं निरुपयोगी काही सांगत नाही, असा नानांचा अनुभव होता.

उरले तिघे. नानांनी वहीत तीन नावं लिहिली. वास्तविक चार लिहायला हवी होती.

विहित नमुना

हरवलेल्या वस्तूचे नाव: फाईल, एक. कापडासह.

वस्तूचे अंदाजे मूल्य: लागू नाही.

वस्तू हरवल्याने कोणाचे नुकसान झाले: चाळीस महिला. (यादी हरवलेल्या वस्तूत जोडली आहे.)

वस्तू हरवल्याने कोणाचा फायदा झाला:

(ही जागा नानांनी दिवसभर कोरी ठेवली.)

तीन

लोटन आबा माजी सरपंच. त्यांच्या फाट्यावरच्या जमिनीचा तुकडा केंद्रासाठी घ्यावा म्हणून ते महिनाभर खटपटत होते. मोहनलाल शेटजींनी आपला तुकडा फुकट देऊ केल्यावर आबांची खटपट तिथेच संपली.

आबा मळ्यात केळीची कापणी करून घेत होते. अंगातला सदरा चिकाच्या तपकिरी डागांनी भरलेला. हा डाग कापड फाटतं तरी जात नाही.

“या, साहेब. चोर पकडायला आले का?”

“तुम्हाला भेटायला आलो, आबा.”

“एकच झालं.” आबांनी केळीच्या दांड्यावर विळा टेकवला. “गावात बठ्ठे म्हणतात, लोटननं केलं. माले सांगा, माझी सून त्या यादीत शे. मोठी सून. अडवायचं असतं तर मी ग्रामसभेत अडवलं असतं. मी शिव्या तोंडावर देतो. मागून काही करायचं असलं तर मला झोप येत नाही.”

“काल पंचायतीत गेला होता.”

“गेलो. पाणी प्यालो. दोन पेले. हाच सदरा, हेच हात. कापणी सोडून गेलो होतो.”

नानांनी पंचायतीत पाहिलेला पाण्याचा पेला आठवला. त्यावर तपकिरी बोटं उमटलेली होती. माठाच्या झाकणावरही. आणि कपाट? कपाट गेल्याच महिन्यात पांढऱ्या रंगात रंगवलेलं. त्यावर पालीच्या लेंड्यांखेरीज डाग नव्हता.

“आबा, तुम्ही नाही.”

“ते मी सांगतोच आहे.” आबा थोडे खजील झाले, मग चिडले. “पण साहेब, एक सांगू? फाट्यावर केंद्र होऊन उपयोग काय? जाईल कोण तिथं? माझी जागा घेतली असती तरी हाच घोळ होता. मला आपलं भाडं मिळालं असतं.”

नानांनी मान हलवली. त्यांना हे ऐकू आलं, पण त्यांनी ते वहीत घेतलं नाही. ते चोर शोधत होते.

चार

चोवीस तारीख, दुपारचे बारा.

मोहनलाल शेटजींचे पणजोबा राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातून उंटावरून आले होते, असं शेटजी सांगतात. रेल्वेनं आले होते, असं त्यांची बायको सज्जनबाई सांगते. घराच्या पुढच्या भागात कापडाचं आणि किराणाचं दुकान, मागं राहणं, त्यामागं कापसाचं गोडाऊन, आता रिकामं.

सज्जनबाईंनी पापड भाजावेत तशा बिबड्या भाजून ताटलीत आणून ठेवल्या.

“घ्या नाना. यंदाच्या पहिल्या. वच्छलानं आज सकाळीच आणून दिल्या. आमच्यासाठी वेगळ्या करते, बिनलसणाच्या. आंबवतसुद्धा नाही, पिठाच्या करते. चाळीस वर्षं झाली, गावातली पहिली बिबडी माझ्या घरात येते.”

नानांनी एक उचलली. तिच्या पाठीवरून एक सरळ उंचवटा गेला होता, जुन्या जखमेच्या वणासारखा. नेमकी तिथेच ती तुटली. नानांनी दोन्ही तुकडे खाल्ले. चव उत्तम होती.

शेटजींचा मुलगा जिनेश आत आला तोच बोलत. “मला विचारायचंय ना? विचारा. हो, मला राग आलाय. फाट्यावरनं चौपदरी जाणार आहे. बाबूजींनी सोन्यासारखी जागा देऊन टाकली. मी बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली तीही मनाविरुद्ध.”

“जिनेश,” शेटजी म्हणाले.

“बोलू द्या, बाबूजी. मी जळगावच्या वकिलाला विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, बक्षीसपत्र एकदा नोंदलं की संपलं. कागद जाळला तरी जमीन परत येत नाही. मग फाईल चोरून मी काय लोणचं घालू?”

नानांनी वहीतलं दुसरं नाव खोडलं. तिसऱ्या नावाकडे, म्हणजे शेटजींकडे, त्यांनी नुसतं बघितलं.

शेटजी समजले. ते रागावले नाहीत. “नाना, मी तर हे मागचं गोडाऊनच देत होतो. गावाच्या मधोमध आहे. पाणी आहे, वीज आहे. तुम्हीच म्हणालात, शेटजी, फाट्याची जागा द्या. डांबरी रस्त्याला लागून असली की दहा गुण जास्त पडतात.”

“म्हणालो होतो.”

“तर मी ती दिली. आता सांगा, मी चोरी करीन कशाला? दोन्ही देतो म्हणालो होतो, भाई.”

तिसरं नावही गेलं. बाहेर पडताना नानांच्या वहीत एकही माणूस उरला नव्हता, आणि हातात अठ्ठावीस तास.

पाच

संध्याकाळी हेमांगीच्या ओट्यावर दोघं बसले होते. तिनं चहा आणि बिबड्या ठेवल्या. लसणाचा वास दरवळला.

नानांनी सवयीनं बिबडी उलटी केली. पाठ एकसारखी, बारीक विणीची, गुळगुळीत.

“हिला वण नाही,” ते म्हणाले.

“कसला वण?”

“शेटजींकडे खाल्ली तिच्या पाठीवर मधोमध एक रेघ होती. उंच.”

हेमांगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. “मग ती कुण्या नवख्या बाईनं केलेली असेल. जोड असलेल्या कापडावर कुणी थापत नाही, नाना. जोडाशी जाड बसते आणि तिथंच तुटते. आमच्याकडं सासू पहिलं हेच शिकवते, कापड बिनजोडाचं घे.”

“नवखी नाही. वच्छला अक्कांनी केलेल्या होत्या.”

“शक्यच नाही. अक्कांनी तर आम्हाला—”

ती मधेच थांबली. नानांनी चहाचा कप खाली ठेवला. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच कापड आलं होतं: मांजरपाटाचे दोन तुकडे, मधोमध दुहेरी शिवण.

“नाही,” हेमांगी म्हणाली. “नाना, नाही. त्या अध्यक्ष आहेत. गट त्यांनी काढला. आणि शेटजींच्या घरात सापडलं म्हणजे शेटजींच्या घरातलं कुणी का नसेल?”

“त्या घरात बिबड्या कोणी थापत नाही. सज्जनबाई खातात फक्त.” नाना सावकाश बोलत होते, स्वतःलाच समजावत असल्यासारखे. “मला सांग, अक्कांच्या घरात थापायची कापडं किती?”

“आठ-दहा असतील. जुनी धोतरं, लुगड्यांची पानं.”

“सगळ्यांवर लसणाचं पीठ थापलेलं?”

“वर्षानुवर्षं. धुतलं तरी वास जात नाही.”

“मग सज्जनबाईंच्या बिबड्या कशावर थापतात?”

हेमांगीनं ओठ चावला. “सज्जनबाई दरवर्षी होळीनंतर दुकानातलं कोरं कापड पाठवतात. त्यावर.” आणि मग अगदी हळू, “यंदाचं ते सगळं मीच आणलं, नाना. फाईलला कमी पडलं म्हणून. अर्धं त्यांचंच आहे ते कापड.”

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली.

घरात पेटीभर कापडं असताना त्या बाईनं जोडाचं कापड घेतलं. का, तर शेजारणीच्या धर्माला लसूण लागू नये. कागद लपवायचे म्हणून तिनं लपवले. फडकं मात्र धुऊन, उन्हात टाकून, त्यावर कुणासाठी तरी खाणं केलं. चोरी पचवायची असती तर तिनं ते फडकं आधी चुलीत घातलं असतं. पण कोरं, लसूण न लागलेलं कापड चुलीत घालणारा हात तो नव्हताच.

“सतरंजीत,” हेमांगी म्हणाली. “सतरंजीत गुंडाळून नेली. सगळ्यांसमोरून. पण का?”

हा एकच प्रश्न उरला होता. आणि नानांना भीती वाटू लागली की उत्तर त्यांना ठाऊक आहे.

सहा

पंचवीस तारीख, सकाळी साडेनऊ.

वच्छला अक्का गच्चीवर होत्या. सत्तरीच्या, वाळक्या, पाठ ताठ. चार खाटांवर कापडं पसरलेली. त्या वाकून बिबड्या थापत होत्या, हात पाण्यात बुडवून, फिरवून, जणू लेकराला तेल लावताहेत. कडेच्या दोरीवर एक धुतलेलं फडकं वाळत होतं. मधोमध जोड.

नानांनी फडक्याकडे पाहिलं. अक्कांनी नानांकडे पाहिलं.

“ऊन व्हयी जाई, नाना. सावलीमा बठा.”

“अक्का, फाईल कुठंय?”

“कोठीमा. दादरमा ठेयेल शे. उंदरं लागतस ना बाहेर.”

इतकं सरळ उत्तर येईल असं नानांना वाटलं नव्हतं. त्या खाली गेल्या, दादर ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली फाईल वर आणून नानांच्या मांडीवर ठेवली. एकही पान दुमडलेलं नव्हतं. दोन दाणे मात्र टाचणीपाशी अडकले होते.

“का, अक्का?”

“तुम्हीनच सांगं ना.”

“मी?”

“सभामा. मी इचारं, जागा बदलता यी का? तुम्हीन बोलनात, फाईल व्हई गयी, अक्का, आते काही बदलत नही.” त्या नानांच्या समोर जमिनीवर बसल्या. “मंग माले वाटनं, फाईलच नही ऱ्हायनी ते बदलता यी.”

नानांना ती सभा आठवली. फेब्रुवारीतली. बायका उठायच्या बेतात, अक्कांचा हात वर, आणि ते स्वतः घड्याळाकडे बघत. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. का बदलायची?

तो त्यांनी आता विचारला.

अक्कांनी बोटं मोजली, पण नावांनी. “शेवंताबाईना गुडघा गया. मंदाबाईनी सासू खाटवर पडेल शे, तिले सोडीसन जाता येत नही. कौतिकनी बायको आठवा महिनानी. चाळीसमधल्या सत्तावीस जणी मी मोजी लिध्या. चार किलोमीटर काही लांब नही वो, पण सकाळनी एसटीमा जावानं, संध्याकाळनी एसटीमा यावानं, अन् घरनं कोण देखी? फाटावर तेरा जणी जातीन. बाकीन्या अंगठा दीसन घरमा बठतीन.”

“हे तुम्ही सभेत का नाही बोललात?”

अक्का पहिल्यांदा चिडल्या. “कसं बोलू? शेटजी समोर बठेल व्हता. माणूस फुकट जमीन देस, अन् मी त्याना तोंडवर सांगू का तुनी जमीन आम्हले दूर पडस? सज्जनना नवरा शे तो.”

नानांनी कठड्यापलीकडे पाहिलं. शेटजींचं रिकामं गोडाऊन इथून दिसत होतं. गच्चीच्या कठड्यावरून हात लांबवला तर पत्रा लागेल इतकं जवळ. शेटजी ते द्यायला तयार होते. अक्कांना तेच हवं होतं. दोघांनीही एकमेकांचं मन राखलं, आणि मधे नाना उभे राहिले, गुणांचा तक्ता घेऊन.

“आते फाईल नही जमा व्हयनी,” अक्कांनी विचारलं, “ते जागा बदलता यी ना?”

दहा वाजायला पाच मिनिटं होती. नवी जागा म्हणजे नवा ठराव, नवं बक्षीसपत्र, नवी नोंदणी. पंधरा दिवस. फेब्रुवारीत सहा आठवडे हातात होते.

“नाही, अक्का. आज जमा नाही केली तर पैसा दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. मग काहीच नाही. ना फाट्यावर, ना गावात.”

अक्कांनी फाईल आपल्याकडे ओढली. मग त्यांनी टाचणीपाशी अडकलेले दोन दाणे नखानं काढले आणि पदराच्या टोकाला बांधले.

“मंग लई जा,” त्या म्हणाल्या. “तेरा जणी ते तेरा जणी.”

नाना अर्धा जिना उतरले तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. “नाना! फडकं ऱ्हायनं.”

सात

फाईल जळगावला चार वाजून दहा मिनिटांनी जमा झाली. खिडकीमागच्या माणसानं पोचेवर शिक्का मारला आणि म्हणाला, “काका, अगदी काठावर आलात.” फाईलभोवतीचं फडकं त्यानं हुंगलं. “तिळाचा वास येतोय.”

गावात नानांनी सांगितलं, कपाटामागं पडली होती. प्रेमराज म्हणाला, “मी तर तिथं बघितलं होतं,” आणि हेमांगीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे कधी बोलला नाही. लोटन आबांनी पेढे वाटले, स्वतःवरचा आळ गेला म्हणून.

विहित नमुन्यातली कोरी जागा नानांनी तशीच ठेवली.

प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्या वर्षी डिसेंबरात फाट्यावर केंद्र उभं राहिलं. निळा पत्रा, वाळवणघर, दळणयंत्र, संगमरवरी फरशी. चांगली इमारत आहे. सकाळच्या एसटीनं बायका जातात आणि संध्याकाळच्या एसटीनं येतात. सुरुवातीला तेरा जात होत्या. आता नऊ जातात. वाळवणघराचा अर्धा भाग एका खतविक्रेत्याला पोती ठेवायला दिला आहे, तात्पुरता.

पुढे एकदा नानांना शेटजी चोपड्याच्या बसस्टँडवर भेटले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, बहुधा हेमांगीनं.

“अक्कांनी मला सांगायचं तरी,” शेटजी म्हणाले. “अर्ध्या शब्दावर गोडाऊन उघडून दिलं असतं. सज्जनला तरी सांगायचं. दोघी चाळीस वर्षं रोज बोलतात, भाई. रोज! काय बोलतात मग?”

नाना म्हणाले, “चूक माझी आहे, शेटजी.”

“छे, छे. तुम्ही तर फाईल शोधून दिली.”

धुळ्याची गाडी लागली होती. नाना चढले आणि खिडकीशी बसले. अकरा इमारतींचा हिशेब ते पूर्वी लोकांना सांगायचे. बारावी झाल्यापासून सांगत नाहीत.

होळीनंतर सज्जनबाई अजून कोरं कापड पाठवतात. अक्का अजून गच्चीवर थापतात. ज्या सत्तावीस जणींना फाट्यावर जाता आलं नाही त्यांतल्या काही दुपारच्या तिथं येतात, खाटांच्या सावलीला बसून कुणाच्या तरी बिबड्यांना हात लावतात आणि आपापल्या घरी जातात.

शून्य

बारा जानेवारीला, म्हणजे अक्कांनी सभेत हात वर केला त्याच्या महिनाभर आधी, पितांबर नानांनी देवपुरातल्या घरी बसून प्रस्तावाचे गुण मोजले होते. पात्र ठरायला साठ लागत होते. निंबोळ्याचे अठ्ठ्याहत्तर भरले. त्यांतले दहा रस्त्याचे होते.